गावकुसाबाहेरचा नाताळ

डिसेंबर लागला की जयपूरच्या विद्याधर नगरातल्या दुकानांत सांताच्या लाल टोप्या लटकू लागतात. टोपीला कुणाची हरकत नसते, हरकत असते ती धर्म बदलणाऱ्या माणसाला. याच राज्याच्या विधानसभेने सप्टेंबर २०२५ मध्ये धर्मांतरविरोधी कायदा मंजूर केला. धर्म बदलायचा तर आधी प्रशासनाला कळवायचं. दलित, आदिवासी आणि स्त्रिया यांच्या धर्मांतराबाबत शिक्षा अधिक कडक. पूर्वजांच्या धर्मात ‘परतणं’ मात्र या कायद्याच्या लेखी धर्मांतरच नाही.

अशा काळात नाताळचा खरा अर्थ विचारला की उत्तर येतं: प्रेम, शांती, क्षमा. या उत्तराने कुणाचीच अडचण होत नाही, म्हणूनच ते अपुरं आहे. लूकच्या शुभवर्तमानातली मूळ गोष्ट इतकी गुळगुळीत नाही. बादशहाने नावनोंदणीचा हुकूम काढला म्हणून एक गरोदर बाई नवऱ्यासोबत परगावी येते. उतरायला जागा मिळत नाही. बाळ जन्मतं आणि गुरांच्या गव्हाणीत ठेवलं जातं. त्याची बातमी सर्वांत आधी कळते ती रात्री रानात मेंढरं राखणाऱ्यांना. राजवाड्याला किंवा पुरोहितांना नाही.

‘जागा नाही’ हे वाक्य आपल्याला नवीन नाही. संशोधनासाठी विद्याधर नगरात खोली शोधत होते तेव्हा मला आधी आडनाव विचारलं गेलं. ते सांगितल्यावर दोन ठिकाणी खोली ‘आत्ताच गेली’ होती.

नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यांनी आणि मांगवाड्यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचं ऐकलं, ते लालचेपोटी, असं आजही सांगितलं जातं. शाळेत बसायला मिळणं, आजारपणात कुणी हात लावून तपासणं, माणूस म्हणून हाक येणं याला लालूच कोण म्हणतं? ज्याला हे सगळं जन्मतःच मिळालं, तोच.

माझं आजोळ त्याच जिल्ह्यातलं. भावकीत काही घरं बौद्ध, काही ख्रिस्ती, पणजोबा एकच. गावाने या घरांत कधी फरक केला नाही, दोघांचीही वस्ती एकाच दिशेला. फरक केला तो कागदाने. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूंखेरीज कुणालाही अनुसूचित जातीत धरलं नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात जागा मिळाली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. महाराष्ट्रात माझ्या ख्रिस्ती मामेभावाला फार तर ओबीसीचा दाखला मिळतो. त्याच्यावर जातीवरून हल्ला झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण मिळत नाही.

रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या मद्रासच्या सूसाई यांना सरकारी योजनेतली टपरी ख्रिस्ती म्हणून नाकारली गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जातीची झळ तितकीच बसते याचा पुरेसा पुरावा नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने परिच्छेद तीन रद्द करण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. आयोगामागून आयोग येतात, परिच्छेद जागचा हलत नाही.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. तामिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणारी भिंत आहे. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये आपल्या धोरणपत्रात चर्चमधली अस्पृश्यता मान्य केली. भारतातल्या दलित समाजातून पहिला कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ उजाडलं. १९३८ च्या सुरुवातीला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांच्या व्यक्तिमत्त्वाची आपल्यावर छाप असल्याचं सांगितलं होतं. त्याच भाषणात त्यांनी ख्रिस्ती समाजाला सुनावलंही होतं, की तुम्ही अन्यायाविरुद्ध उभे राहत नाही. गव्हाणीची झाँकी सजवणाऱ्या प्रत्येक चर्चने हे बोल आज पुन्हा ऐकावेत. ज्या चर्चमध्ये कबरीलाही जात आहे, तिथे नाताळ अजून साजरा व्हायचा आहे.

२५ डिसेंबर आपलाही दिवस आहे. १९२७ मध्ये याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला सवर्णांनी जागा दिली नाही; ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. इथे जयपुरात उच्च न्यायालयाच्या आवारात १९८९ पासून मनूचा पुतळा उभा आहे. २०१८ मध्ये त्याला काळं फासायला दोन महिला थेट औरंगाबादहून आल्या होत्या.

म्हणून एक अवघड प्रश्न आपण आंबेडकरवाद्यांनी स्वतःला विचारायला हवा. ख्रिस्ती दलितांचा विषय निघाला की आपल्यातले काही जण म्हणतात, ‘आपल्या वाट्यात आणखी वाटेकरी कशाला?’ ही भीती खोटी नाही, जागा आधीच कमी आहेत. पण धर्म बदलला तरी जात पाठ सोडत नाही, याच तर्कावर बौद्धांनी १९९० पर्यंत लढा दिला. तो तर्क आपल्यापुरता खरा आणि भावकीतल्या दुसऱ्या घरासाठी खोटा कसा असेल? वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात वाढवा, ही मागणी दोन्ही घरांनी मिळून करायची आहे.

येत्या २५ डिसेंबरला महाडच्या स्मरणाच्या सभा होतील, चर्चमध्ये प्रार्थना होतील. दोन्हीकडे एक ठराव समान असावा: परिच्छेद तीन रद्द करा.