रविवारचा कॉल कोणत्या ॲपवर?

दर रविवारी रात्री आठ वाजता आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी छोटासा मेळावा भरतो. मोठे काका नागपूरहून, आत्या भिलाईहून, मामा पुण्याहून आणि ताई टोरांटोहून फोनवर येतात. ताईकडे तेव्हा सकाळ असते, हातात चहाचा कप असतो. मध्यभागी आमची ८३ वर्षांची आजी. पहिली दहा मिनिटं "आवाज येतोय का?" आणि "अगं, तुझा माइक बंद आहे" यातच जातात. तुमच्याकडेही असंच होत असेल, हो ना?

रायपूरच्या मराठी घरांची नाती अशी पसरलेली असणं नवं नाही. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूरला होती. माणसं इकडची तिकडे जात राहिली. पूर्वी पत्र यायचं, आता रिंग वाजते.

यंदा उन्हाळ्यात आजी पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन इथेच करायचं की नागपूरला न्यायचं, हे ठरवायला सगळे कॉलवर जमले. चर्चा ऐन रंगात आली आणि कॉल आपोआप बंद झाला. मोफत वेळ संपली होती. ती मर्यादा आमच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. घरातल्याच कुणीतरी कॉलचा स्क्रीनशॉट काढून पलंगावरच्या आजीचा फोटो स्टेटसला ठेवला, "प्रार्थना करा" असं लिहून. हेतू चांगलाच होता. पण आजीला ते शेजारच्या काकूंकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, "मला विचारलं असतं तर केस तरी विंचरले असते."

त्या दिवसापासून मी ॲप निवडताना चार गोष्टी बघते. तुम्हीही बघा.

खर्च: मोफत म्हणजे किती मोफत?

व्हॉट्सॲपवर ३२ जण एकत्र व्हिडिओ कॉल करू शकतात आणि वेळेची मर्यादा नाही. गुगल मीटवर मोफत १०० जण येतात, पण तीन किंवा जास्त माणसं असली की एक तासात कॉल संपतो. दोघंच असाल तर चिंता नाही. झूमवरही मोफत १०० जण, पण वेळ ४० मिनिटं. मायक्रोसॉफ्ट टीम्सच्या मोफत खात्यावर एक तास.

वर्षातून दोन-तीनदाच मोठा कार्यक्रम असेल, म्हणजे साखरपुडा, बारसं किंवा आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, तर सगळ्यांनी पैसे भरायची गरज नसते. कॉल ठेवणाऱ्या एकाने महिन्याभराचा प्लॅन घेतला की बाकीचे फुकट येतात. महिना संपला की प्लॅन बंद करायला मात्र विसरू नका.

दुसरा खर्च डेटाचा. तुमचा फोन एका सेकंदाला एक मेगाबिट डेटा पाठवत आणि तेवढाच घेत असेल, तर तासाभरात जवळपास ९०० एमबी जातात. दिवसाला दीड जीबीचा प्लॅन असलेल्या मावशीचा अर्ध्याहून जास्त डेटा एका कॉलमध्ये संपला! तिला सांगा, बोलून झालं की कॅमेरा बंद ठेव, आवाज पुरतो.

क्वालिटी: दोष नेहमी ॲपचा नसतो

मोठ्या ग्रुप कॉलमध्ये तुमचा फोन आपलं चित्र मधल्या सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर ते सगळ्यांना वाटतो. म्हणून एकट्या काकांचं चित्र अडकलं, तर बहुतेक वेळा त्यांच्याच घरचं अपलोड कमी पडतंय. ॲप बदलण्याआधी हे करून बघा:

• राउटर असलेल्या खोलीतच बसा. दोन भिंतींपलीकडे वाय-फाय कमजोर होतं.
• त्या वेळी घरात दुसरं कुणी सिनेमा बघत नसेल तर उत्तम.
• आपल्याकडच्या मे महिन्यात फोन तापतो आणि तापला की मंदावतो. चार्जिंगला लावून, कव्हरसकट लांब कॉल करू नका.
• पावसाळ्यात लाइट जाते. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्यावर घ्या.
• एका खोलीत दोन फोन जोडलेले असतील तर एकाचा माइक आणि स्पीकर बंद ठेवा, म्हणजे आवाज घुमणार नाही.

प्रायव्हसी: कुलूप कुणाच्या हातात?

"एंड-टू-एंड एन्क्रिप्शन" हा शब्द तुम्ही वाचला असेल. याचा अर्थ असा की, कॉल फक्त बोलणाऱ्यांच्या फोनवर उघडतो, मधल्या कंपनीलाही तो ऐकता येत नाही. व्हॉट्सॲप, सिग्नल आणि ॲपलच्या फेसटाइमवर हे आपोआप असतं. झूमवर ते सेटिंगमधून सुरू करावं लागतं आणि सुरू केलं की क्लाउड रेकॉर्डिंगसारख्या काही सोयी बंद होतात. कुलूप असलं तरी कोण कुणाशी कधी बोललं, ही माहिती कंपनीकडे राहू शकते, हेही लक्षात ठेवा.

जाहिरातीतल्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नये, याचं उदाहरण २०२० मध्ये दिसलं. झूमने एन्क्रिप्शनबद्दल ग्राहकांची दिशाभूल केली, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कंपनीने सुरक्षा सुधारण्याची तडजोड मान्य केली. त्याआधी एप्रिलमध्ये आपल्या गृह मंत्रालयानेही झूम वापरणाऱ्यांसाठी सूचना काढल्या होत्या. त्या आजही कोणत्याही ॲपला लागू पडतात: दर कॉलला नवा आयडी आणि पासवर्ड ठेवा, वेटिंग रूम चालू करा, स्क्रीन शेअर करायचा हक्क होस्टकडेच ठेवा, सगळे आले की मीटिंग लॉक करा आणि शेवटी नुसतं बाहेर न पडता मीटिंग संपवा. कॉलची लिंक सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, ज्याला यायचं आहे त्यालाच पाठवा.

पण आमच्या घरचा स्क्रीनशॉट कोणतं एन्क्रिप्शन थांबवणार होतं? कुलूप दाराला असतं, घरातल्या माणसाला नाही. म्हणून आता आमचा नियम आहे: कॉलवरचा फोटो किंवा रेकॉर्डिंग त्यात दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारूनच. आजारपण, पैसे आणि जमिनीची कागदपत्रं यांचं तर अजिबात नाही. स्क्रीन शेअर करण्याआधी बँकेचं आणि आधारचं पान बंद करा.

सोय: आजीला जमतंय का?

ज्याला सगळ्यात कमी जमतं, त्याला जे जमेल तेच तुमचं ॲप. आजीला लिंक, पासवर्ड काही कळत नाही, पण हिरवं बटण दाबता येतं. म्हणून आमचा रविवार व्हॉट्सॲपवर. ३२ पेक्षा जास्त पाहुणे असले की मीट किंवा झूम आणि आजीशेजारी एक नातवंड. दवाखान्याची आणि पैशांची बोलणी फक्त एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या कॉलवर.

आणि एकाच ॲपवर आठवणी साठवू नका. कित्येक घरांनी परदेशातल्या मुलांशी पहिला व्हिडिओ कॉल स्काइपवर केला होता. ते ५ मे २०२५ ला बंद झालं. जपायचे फोटो आणि व्हिडिओ वेगळे काढून ठेवा.

या रविवारी दहा मिनिटं आधी एक चाचणी कॉल करून बघा आणि घरच्यांना एक प्रश्न विचारा: "कॉलवरचा तुमचा फोटो मी पुढे पाठवला तर चालेल का?" उत्तरं ऐकून तुम्हालाही आश्चर्य वाटेल. आमची आजी आता वॉकर घेऊन चालते. रविवारी पावणेआठला ती कंगवा मागते आणि केस विंचरून झाले की सांगते, "हं, लाव आता."