उशाशी जागा हवी

गेल्या पावसाळ्यात माझी आजी अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. खोली नवी, यंत्रेही नवी. पण खाट भिंतीला टेकलेली आणि उशाशी तारा, नळ्या नि प्लग यांची गर्दी. सिस्टरना दर वेळी तारा ओलांडून जावे लागे. एकुलत्या एका खिडकीपुढे यंत्रांचा स्टँड! चौथ्या दिवशी आजी विचारू लागली, "बाळा, दिवस आहे की रात्र?"

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. व्हेंटिलेटरची किंमत ताळेबंदात लिहितात, त्यावर घसारा काढतात. खिडकीचा उजेड कोणत्या खात्यावर लिहायचा? १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून प्रसिद्ध केल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. ते साध्या वॉर्डातले रोगी होते हे खरे. पण अत्यवस्थ माणसाला उजेड कमी लागतो असे थोडेच आहे?

या विभागाचा जन्मच मुळी उशाशी बसलेल्या माणसांपासून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली. यंत्रे अपुरी पडली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, हाताने पिशवी दाबून रोग्यांना श्वास दिला. त्या अनुभवातूनच पुढच्या वर्षी ब्यॉर्न इब्सेन यांनी अतिदक्षता कक्ष उभा केला. आज आपण उशाशी यंत्र ठेवले आणि माणसाला दाराबाहेर काढले.

यंत्रे नकोत असे मी म्हणत नाही. त्यांनीच आजीला वाचवले. परंतु ऑक्सिजन, प्लग आणि मॉनिटर छतावरून लोंबत्या खांबावर घेता येतात. मग खाट चारही बाजूंनी मोकळी राहते, खिडकीकडे वळवता येते. यंत्र काही वर्षांत बदलते, इमारत मात्र पिढीभर टिकते. म्हणून खोली आजच्या यंत्राच्या मापाने बांधणे हा तोट्याचाच व्यवहार होय.

आणि एक खुर्ची हवी. सिस्टर मायेने विचारीत, "अज्जी, नोवु इदेया?" आजीला मराठीशिवाय काही येत नाही. दुखते का, एवढ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला तिला भेटीच्या वेळेपर्यंत माझी वाट पाहावी लागे. संसर्गाची भीती रास्त आहे. पण हात धुऊन, मास्क लावून एक माणूस उशाशी बसू शकतो. आपल्या या दुभाषी मुलखात तरी त्या खुर्चीला औषधाइतकेच मोल आहे.