डोळे नसलेल्यांचं चित्र

मॅडलिन लेंगल यांची ‘अ रिंकल इन टाइम’ ही कादंबरी प्रकाशकांचे दोन डझनांहून अधिक नकार पचवून १९६२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला बालसाहित्यासाठीचं न्यूबेरी पदक मिळालं. पन्नास वर्षांनी, २०१२ मध्ये, होप लार्सन यांनी तिची जवळपास चारशे पानांची चित्रकादंबरी केली. रंग तीनच: काळा, पांढरा, निळा.

मुलं वाचत नाहीत म्हणून त्यांना चित्रं द्यावीत, हे समर्थन मला कधीच पटलेलं नाही. चित्रकादंबरी म्हणजे मूळ पुस्तकाचा सोपा गाइड नव्हे. लेंगल यांच्या याच कादंबरीचं उदाहरण घ्या: तिच्यात थंडीने बधिर झालेल्या मेग या नायिकेची शुश्रूषा करणारे जीव आहेत. त्यांना डोळेच नाहीत. प्रकाश म्हणजे काय, पाहणं म्हणजे काय, हे मेग त्यांना समजावू पाहते आणि तिला ते जमत नाही. गद्यात तिच्याबरोबर आपणही शब्दांसाठी चाचपडतो. चित्रकाराला मात्र त्या जीवांना रूप द्यावंच लागतं, तेही निव्वळ पाहण्यावर उभ्या असलेल्या माध्यमात! केवढी ही जोखीम. प्रत्येक चौकट वाचकाच्या मनातली एक प्रतिमा पुसते, आणि तिच्या जागी तितक्याच तोलाचं काही देण्याची जबाबदारी घेते. लार्सन यांनी ती घेतली, म्हणून हे रूपांतर मला मोलाचं वाटतं.

घरातल्या मुलांसोबत दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. आधी कोणतं उघडायचं, ते मुलांना ठरवू द्या.