तडवी मित्राचा सवाल

धुळ्याहून जळगावला गेलो की आम्हा चार-पाच मित्रांची चहावर बैठक ठरलेली. परवा आरक्षणाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, "धर्मावर आरक्षण नकोच." यावलचा तडवी मित्र हसला. "मी नमाज पढतो आणि अनुसूचित जमातीचा दाखलाही बाळगतो. मग?"

मुद्दा नेमका आहे. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, म्हणून यावल-रावेर-चोपड्याचे तडवी मुसलमान असूनही आदिवासी आहेत. ओबीसी यादीत मोमीन, बागवान आहेत ते मागासलेपणामुळे, धर्मामुळे नव्हे. धर्माची अट आहे ती फक्त अनुसूचित जातींना. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती घातली. १९५६ साली सर्व दलित शिखांना, १९९० साली बौद्धांना त्यातून वाट मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या मैला उचललेला मुसलमान मात्र त्या यादीबाहेरच राहिला. म्हणजे इथे धर्म पाहून आरक्षण दिले जात नाही, नाकारले जाते!

आपल्यातले काही जण म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही. तत्त्व खरेच आहे. पण सोयरीक जुळवताना आपण बिरादरी विचारतोच ना? आधी हे घरात कबूल करू, मग सरकारकडे हक्काने मागू.