निरुपयोगी, पण कोणाला ?

अमेरिकेंतील टेक्सस राज्यांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका तरुण वाचकांनीं एक प्रश्न विचारला आहे. त्यांनीं नुकतीच फोर्ड कंपनीची एक जुनी, अवजड पिकप गाडी विकत घेतली. सुटीच्या दिवशीं ते ती आडरानांत नेतात. गाडीच्या नाकाखालीं कारखान्यानेंच बसविलेली एक काळी पट्टी आणि तिच्यामागची पोलादी तुळई दगडांस घासते. म्हणून दोन्ही काढून टाकण्याचा सल्ला मित्रांनीं दिला आहे. "गाडी माझी, भाग माझे, मग हरकत कोणती?" असें ते विचारतात.

प्रथम पट्टी पाहूं. हिला एअर डॅम म्हणतात. वेगानें जातांना गाडीच्या पोटाखालीं शिरणारा वारा ती अडविते. त्यामुळें वाऱ्याचा विरोध घटतो व इंधन वांचतें. कित्येक गाड्यांत रेडिएटरकडील हवेचा प्रवाहहि तिच्यामुळें सुधारतो. शेव्हरोले पिकपांच्या माहिती-पुस्तिकेंतच, आडरानांत जाण्यापूर्वीं ही पट्टी काढावी व परतल्यावर पुन्हां बसवावी, असें सांगितलें आहे. तिच्यावांचून फार काळ गाडी चालविल्यास इंजिनाकडील हवेचा प्रवाह बिघडूं शकतो, अशी सूचनाहि दिली आहे. रॅम कंपनीच्या २०१९ सालच्या १५०० गाडीची पट्टी तर वेग ताशीं ३५ मैल झाला कीं आपोआप अडीच इंच खालीं उतरते. म्हणजे दगडधोंड्यांत ही पट्टी नको, हें कारखानदारांसहि मान्य आहे. आमचे वाचक ती खुशाल काढोत. मात्र हमरस्त्यावर येण्यापूर्वीं परत लावोत. विसरले, तर भुर्दंड त्यांच्याच खिशास.

तुळईची गोष्ट निराळी आहे. फोर्ड कंपनीनें ती २००० सालच्या एक्सकर्शन गाडीच्या पुढील बंपरखालीं बसविली आणि पुढें सुपर ड्यूटी पिकपांखालींहि ती आली. ती वारा अडविण्यासाठीं नाहीं, इंजिनाच्या रक्षणासाठींहि नाहीं. मालकाच्या बाजूनें हिशेब मांडला, तर ती निव्वळ लोखंडाचें ओझें ठरेल. तिचें प्रयोजन समोरून येणाऱ्या लहान मोटारींतील माणसांसाठीं आहे.

लहान मोटारीच्या पुढच्या भागांत, टक्कर झाली असतां स्वतः चुरगळून आघात पचविणारे भाग असतात. ते सामान्यतः तिच्या बंपरच्या पातळीस असतात. उंच गाडीचा सांगाडा त्यांच्या वरून निघून गेला, कीं ते जागच्या जागीं राहतात आणि आघात आंत बसलेल्या माणसांवर येतो. बंपरखालची तुळई त्या भागांस जाऊन भिडावी, एवढ्यासाठींच ती तेथें आहे. ह्याच विचारानें २००३ च्या डिसेंबरांत मोटारी बनविणाऱ्या कंपन्यांनीं अमेरिकेंत आपखुषीनें एक करार केला. हलक्या ट्रकांच्या पुढील भागाचा मुख्य सांगाडा मोटारींच्या बंपरच्या पातळीस आणावा, तें न जमल्यास त्याखालीं दुसरा आडवा आधार द्यावा, असें ठरलें. आणि त्यासाठीं सप्टेंबर २००९ ही मुदत घालण्यांत आली.

ज्यांच्यासाठीं ही तुळई बसविली, त्यांना ती आहे हें ठाऊकहि नसतें. ती काढतांना त्यांची संमति कोणी विचारणार नाहीं, आणि काढणाऱ्यास पुढें वर्षानुवर्षें कसलीहि उणीव भासणार नाहीं. म्हणूनच येथें "माझी गाडी" हा युक्तिवाद पुरेसा होत नाहीं.

आमच्या तरुण वाचकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, गाडीखालचा एकेक भाग काढण्यापूर्वीं तो आपल्या काय उपयोगाचा हें जसें विचारावें, तसेंच तो कोणाच्या उपयोगाचा हेंहि विचारावें. दगडांत गाडी अडत असेल, तर जरा वळसा घालून जावें. पट्टी काढावी, तुळई राहूं द्यावी.