वाट सोडली की गोचीड

अमेरिकेच्या ईशान्य भागातील राखीव जंगलांत, एकच सायकल जाईल एवढ्या अरुंद पायवाटांवर डोंगरी सायकल चालवली जाते. हृदय, मांड्या आणि शरीराचा तोल यांना त्याहून चांगला व्यायाम क्वचितच मिळेल. मात्र हेल्मेट न विसरणारा सायकलस्वारही गोचीड विसरतो.

कनेक्टिकटमधील लाइम गावावरून नाव पडलेला लाइम आजार गोचिडीमुळे होतो. गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. वाटेकडेच्या गवतावर पुढचे पाय पसरून बसते. मे ते जुलैमध्ये तिची पिल्ले खसखशीच्या दाण्याएवढी असतात. लाइमचे जिवाणू शरीरात जायला सहसा २४ तासांहून अधिक लागतात. म्हणून घरी येताच अंघोळ करावी. काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी; रॉकेल लावू नये. नंतर ताप आला किंवा लाल चट्टा पसरू लागला, तर डॉक्टरांना जंगलफेरीबद्दल आवर्जून सांगावे. वेळीच दिलेली प्रतिजैविके गुणकारी ठरतात.

सिंधुदुर्गातील दोडामार्गात आढळलेला माकडतापही गोचिडीचाच. तो विषाणूजन्य असल्याने तेथे प्रतिजैविके चालत नाहीत. चावा टाळणे हेच खरे.

‘पायवाट सोडू नका’ ही पाटी झाडाझुडपांसाठी असते. तिच्याखाली गोचिडीबद्दल दोन ओळी लिहायला खर्च नाही. वाटेच्या मधोमध राहणारा जंगल राखतो आणि स्वतःलाही.