पवनचक्की हवीच, पण पाखरांची वाट बघून

परवा देवगड स्टँडवर एका मित्राने गाठलंच. "काय पत्रकारानू, पाखरांसाठी आता पवनचक्कीक पण विरोध करतलास काय?" तिथे हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न बऱ्याच जणांच्या मनात असणार, म्हणून उत्तर इथे देतोय.

विरोध नाही. देवगडच्या पवनचक्क्या मी वर्षानुवर्षं बघतोय. कोळशाच्या धुरापेक्षा वारा केव्हाही बरा. म्हणणं एवढंच, खांब कुठे रोवायचा हे ठरवण्याआधी तिथून कोण उडतं ते बघा.

समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅट. त्यात कोकण नाही, मग आपल्याला काय त्याचं? तर ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंना बीएनएचएसने ट्रान्समीटर लावले, तेव्हा ते गुजरातेत गेलेले दिसले. अमूर ससाणा तर जेमतेम दीडशे ग्रॅमचा. ईशान्य भारतातून निघतो आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतो. पाखरांना राज्याची हद्द नसते.

"मग चक्क्या बंदच ठेवायच्या का?" नाही हो! स्पेनमध्ये तारिफाला गिधाडं जवळ आली की निरीक्षक कळवतो आणि तेवढीच चक्की थांबते. मृत्यू निम्म्यावर आले, वीज बुडाली फक्त ०.०७ टक्के. नेदरलँड्सने मे २०२३ मध्ये स्थलांतराच्या एका रात्री समुद्रातल्या चक्क्यांचा वेग चार तास मिनिटाला दोन फेऱ्यांवर आणला. थव्यांचा अंदाज दोन दिवस आधीच मिळाला होता, त्यामुळे विजेची सोय आधीच लावता आली.

पण हे सगळे नंतरचे उपाय. जागाच चुकली तर? नॉर्वेच्या स्मोला बेटावर समुद्र गरुडांच्या वस्तीतच चक्क्या उभ्या राहिल्या. गरुड मरू लागले, मग पात्याला काळा रंग देऊन बघायची पाळी आली. रंग बदलता येतो, रोवलेला खांब हलत नाही.

आपल्याकडे जमिनीवरच्या पवनचक्क्या २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत बसतच नाहीत. समुद्रात तरी ही ढिलाई नको. निविदा काढण्याआधी किमान दोन वर्षं, सगळ्या ऋतूंत, रात्री रडार लावून पक्षी मोजा. अहवाल त्या त्या किनाऱ्याच्या भाषेत लोकांसमोर ठेवा. आणि मच्छीमारांना विचारा. कुठल्या महिन्यात कुठल्या वावात पाखरं दिसतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

आज गुजरात आहे, उद्या आपला नंबर लागू शकतो. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर पाकोळ्या आणि सुरय घरटी करतात. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच नोंदी ठेवूया. होडीवर जाणाऱ्या मंडळींनी, कधी, कुठे, कुठली पाखरं बघितली ते खाली जरूर लिहा. तारखेसकट. उद्या सुनावणीत तोच आपला कागद असेल.